तळघरातलं खारं पाणी

स्वतःची ओळख करून देण्याआधी एर्मिनियो मेदेइरोस घसा साफ करायचा. "या टोरांटो शहरात डोळे सगळ्यांना आहेत," तो म्हणायचा, "नजर मला एकट्याला आहे." त्याने उभी हयात गाद्यांच्या दुकानात रखवालदारी केली होती आणि तेवढ्या काळात तिथून एकही गादी चोरीला गेली नव्हती. निवृत्त झाल्यावर त्याच भांडवलावर त्याने गुप्तहेरगिरी सुरू केली. मदतनीस म्हणून बायकोचा भाऊ आदेलिनो होता. आदेलिनो शाळेची बस चालवायचा. शाळांना सुट्ट्या लागल्या की तो दाजींच्या तावडीत सापडायचा, आणि दाजींना नाही म्हणण्याची त्याच्या घराण्यात पद्धत नव्हती.

या वेळचं प्रकरण घरचंच होतं. आदेलिनोची धाकटी बहीण ओदिलिया नवरा गेल्यापासून म्हाताऱ्या आईला घेऊन एवढ्या मोठ्या घरात राहत होती. एकटीच्या पगारात घर रेटेना, म्हणून तिने तळघरात भाडेकरूसाठी वेगळं घर बांधायला काढलं. तेही चोरून नाही, नगरपालिकेची परवानगी घेऊन. बाजूने स्वतंत्र दार, आग लागली तर माणूस बाहेर पडेल एवढी खिडकी, आगीला दाद न देणारं छत. आता शेवटची तपासणी तेवढी राहिली होती. ती पार पडली नाही तर घर विकायचं आणि आईला वृद्धाश्रमात ठेवायचं, हे ओदिलियाने कुणालाच सांगितलं नव्हतं आणि सगळ्यांना माहीत होतं.

नेमकं आत्ताच तळघराच्या नव्या फरशीवर रोज सकाळी पाणी दिसायला लागलं. प्लंबर येऊन गेला. एकही पाइप गळत नव्हता.

"इथे कुठेतरी पाणी मुरतंय," एर्मिनियो जिन्यावरूनच म्हणाला.

"मुरलं असतं तर तुम्हाला कशाला बोलावलं असतं, भाऊजी," ओदिलिया म्हणाली. "साचतंय."

"मी या प्रकरणाचा तळ गाठणार."

"शेवटची पायरी जरा उंच आहे. बघून उतरा."

एर्मिनियो गुडघ्यांवर बसला. त्याने थारोळ्यात बोट बुडवलं आणि चाखलं. आदेलिनोने दुसरीकडे पाहिलं.

"खारट आहे," एर्मिनियो म्हणाला. "आदेलिनो, खारं पाणी कुठे असतं?"

"समुद्रात."

"आणि समुद्र इथून किती लांब आहे?"

"खूपच लांब, दाजी."

"म्हणजे तो जमिनीखालून आलाय."

हा सिद्धांत दुपारच्या कॉफीपर्यंत टिकला. मग एर्मिनियोला शेजारचे म्हातारे ऑगिल्वी आठवले. खिडकीसाठी खणताना त्यांच्या गुलाबांचा वाफा ढासळला होता, आणि तेव्हापासून ते ओदिलियाला पाण्यात पाहत होते. "पाण्यात पाहणारा माणूस," एर्मिनियो म्हणाला, "हत्यार म्हणून काय वापरेल? पाणी."

त्याने जाऊन ऑगिल्वींचं दार ठोठावलं. "तुमच्याकडे मीठ आहे का?" त्याने डोळ्यांत डोळे घालून विचारलं.

ऑगिल्वी आत गेले आणि वाटीभर मीठ घेऊन आले. "वाटी परत आणून द्या," म्हणाले, आणि दार लावून घेतलं.

"फारच सहज दिलं," एर्मिनियो वाटी सांभाळत म्हणाला. "लिहून ठेव."

"काय लिहू?"

"वाटी."

दुसऱ्या दिवशी तो अश्रूंवर आला. माणसाच्या अंगचं खारं पाणी दोनच प्रकारचं, घाम आणि अश्रू, आणि नव्या तळघरात घाम गाळण्यासारखं काही उरलेलं नव्हतं. त्याने ओदिलियाला बाजूला घेतलं. "पोरी, तू रोज इथे येऊन रडतेस का?"

"तेवढा वेळ मिळाला तर मी झोपेन, भाऊजी."

अश्रू म्हटल्यावर आदेलिनोला आई आठवली होती. वरचं चकचकीत स्वयंपाकघर पाहुण्यांनी बघण्यासाठी होतं. आईने सगळा जन्म रांधलं ते या तळघरात, जुन्या शेगडीवर. बांधकामात शेगडी गेली, टेबल गेलं, आणि तेव्हापासून आई, म्हणजे दोना जिल्बेर्ता, वर खिडकीपाशी मांडीवर हात ठेवून बसलेली असायची.

"दाजी, आईला विचारायचं का?"

"सासूबाईंवर संशय?" एर्मिनियो म्हणाला. "मला माझ्या घरी राहायचंय."

"मग ती घर गरम करायच्या भट्टीची खोली तरी उघडून बघू."

"तिला कुलूप आहे?"

"नाही."

"मग सोड. कुलूप नसलेल्या दारामागे कुणी काही लपवत नाही. हे गाद्यांनी मला शिकवलंय."

संध्याकाळी त्याने पावलांचे ठसे उमटावेत म्हणून फरशीवर पीठ पसरलं. सकाळी तिथे पाणी होतंच. आता पिठाची कणीक झाली होती, आणि कणकेत छोट्या सपातांचे ठसे होते.

"बुटका माणूस," एर्मिनियो वाकून म्हणाला. "किंवा लहान पावलांचा उंच माणूस."

तेवढ्यात दारात तपासणीच्या वारसामे बाई उभ्या राहिल्या. त्यांनी कणकेकडे पाहिलं, गुडघ्यांवरच्या एर्मिनियोकडे पाहिलं आणि कुणालाच काही विचारलं नाही. ओदिलियाचा चेहरा उतरला. बाईंनी खिडकी उघडून पाहिली, धुराचे भोंगे वाजवून पाहिले आणि मग भट्टीच्या खोलीचं दार उघडलं.

आत, उन्हाळ्यात बंद असलेल्या भट्टीशेजारी, काठोकाठ भरलेलं घमेलं होतं. त्यात खारवलेला कॉड मासा भिजत होता.

"हे कुणाचं?" बाईंनी विचारलं.

"माझं," जिन्यावरून दोना जिल्बेर्ता म्हणाली. तिच्या सपातांना पीठ लागलेलं होतं. "माशाला गारवा लागतो. पाणीही बदलावं लागतं. घमेलं जड आहे, हिंदकळतं."

"आई, अगं सांगायचं तरी," ओदिलिया म्हणाली. "तीन दिवस आम्ही वेड्यासारखे शोधतोय."

"तुम्ही शेजाऱ्याला विचारलंत. मला कुणी विचारलं?"

"म्हणजे पाणी जमिनीतून येत नाही?" वारसामे बाईंनी खात्री करून घेतली. "मग मासा माझ्या खात्यात येत नाही." त्यांनी घर पास केलं आणि जाताना पीठ पुसून घ्यायला सांगितलं.

"शेवटी माझ्याच पिठात पाऊल सापडलं," एर्मिनियो म्हणाला.

ओदिलिया आईशी हळू आवाजात बोलत होती. भाडेकरू आला की हे खालचं घर त्याचं, आई. मग असं खाली यायचं नाही. म्हातारीने मान हलवली, घमेलं उचललं आणि जिना चढायला लागली. पायरीपायरीला पाणी सांडत होतं. आदेलिनोने घमेलं घ्यायला हात पुढे केला. तिने दिलं नाही.

भाडेकरू आली ती लोरेटा पाइक, मासेमारीवर जगणाऱ्या न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्यावरची, इस्पितळात नोकरी करणारी. पहिल्याच रविवारी सगळे वर जेवायला बसत होते, तेव्हा ती दारात येऊन अवघडून उभी राहिली.

"एक विचारायचं होतं. मी खाली खारा मासा भिजवला तर चालेल ना? वर वास येईल, म्हणून विचारते."

दोना जिल्बेर्ताने खिडकीवरची नजर काढून तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"पाणी किती वेळा बदलतेस?"

"एकदा."

"एकदा," म्हातारीने शब्द परत उच्चारला. मग ती उठली आणि खुंटीवरचा एप्रन काढून बांधायला लागली.

"येऊन दाखवता का, आजी?" लोरेटा म्हणाली. "आमच्याकडे एकदाच बदलतात. मला तर वाटतं तेवढं पुरतं."

"ते बघू आता."

"आई, ते तिचं घर आहे," ओदिलिया कुजबुजली. "असं घुसायचं नसतं."

"घुसत नाहीये. मला बोलावलंय."

एर्मिनियोने लगबगीने खुर्ची मागे सरकवली.

"तुम्ही बसा, जावईबापू," दोना जिल्बेर्ता जिना उतरता उतरता म्हणाली. "तुम्हाला नाही बोलावलेलं."