अनिरुद्धरावांच्या हार्मोनची बैठक

अनिरुद्धराव जवळेकर त्या दिवशी शेजाऱ्यांकडच्या लग्नाहून परस्पर नांदेडला गेले होते ते चष्म्याचा नंबर तपासायला. नंबर तपासून त्यांनी गुमान वसमतची बस धरली असती तर पुढचं सगळं महाभारत टळलं असतं. पण चष्म्याच्या दुकानाला लागून एक लॅब होती, लॅबच्या दारात 'चाळिशीनंतर संपूर्ण शरीरतपासणी' असा फलक होता, आणि बसला अजून वेळ होता. रिकामा वेळ आणि अनिरुद्धराव एका जागी आले की काहीतरी घोळ होतोच, हे त्यांच्या पत्नीचं, म्हणजे प्रेमावहिनींचं, जुनं मत आहे. 'आलोच आहोत तर करून टाकू,' असं म्हणत त्यांनी आत जाऊन शर्टाची बाही वर केली.

रिपोर्ट मोबाइलवर आला. साखर ठीक, मूत्रपिंड ठीक, यकृत ठीक. (यकृताचं वाचून त्यांची मान अशी ताठ झाली, की जणू ते यकृत त्यांनी स्वतः देखरेख करून बांधून घेतलं होतं.) खाली मात्र एक ओळ ठळक अक्षरांत होती. टेस्टोस्टेरॉन: कमी.

अनिरुद्धराव बाजार समितीत कारकून. हळदीचे भाव त्यांना झोपेत विचारा. पण ही भानगड त्यांनी कधी तोलली नव्हती. त्यांनी मोबाइललाच विचारलं. मोबाइलनं सांगितलं, हे पुरुषांचं हार्मोन, वयानुसार उतरतं, आणि फारच उतरलं तर अमुक अमुक लक्षणं दिसतात. जेवणानंतर गुंगी. कामात मन न लागणं. पोट सुटणं. चिडचिड. उत्साहाचा अभाव.

प्रत्येक लक्षणाला अनिरुद्धरावांनी मान डोलावली. खरं सांगायचं तर त्यांना आधी आनंदच झाला. माळ्यावरचा कूलर खाली उतरवा म्हणून प्रेमावहिनी होळीपासून मागे लागल्या होत्या, आणि तो उतरत नव्हता. आपण आळशी आहोत, अशी स्वतः अनिरुद्धरावांचीही खात्री पटत आली होती. आता कळलं, आपण आळशी नाहीच मुळी! आपण कमी आहोत. सायन्स आहे यामागं!

हा आनंद दाढी करायच्या आरशापर्यंत टिकला. आरशात कानावरचे पांढरे केस दिसले, बनियनमधून बाहेर डोकावणारं पोट दिसलं. आपण ओसरलो. प्रेमाच्या हे आधीच लक्षात आलं असेल का? आजकाल ती आपल्याकडं बघते ते नवऱ्याकडं बघितल्यासारखं, की घरातल्या जुन्या कपाटाकडं? अनिरुद्धरावांना मनापासून वाईट वाटलं. हार्मोन वाढवायची इंजेक्शनं मिळतात, असंही त्या मोबाइलनंच सांगितलं होतं. घ्यावीत का? घ्यावीत, आणि प्रेमाला कळायच्या आत पुन्हा जवान होऊन दाखवावं, असं त्यांनी ठरवलं.

आता अडचण अशी, की त्यांच्या गल्लीतलं औषधाचं दुकान बंडूचं, आणि बंडू हा प्रेमावहिनींचा धाकटा भाऊ. लांबच्या दुकानात जायला उत्साह लागतो, आणि तो तर रिपोर्टप्रमाणे कमी होता. अनिरुद्धराव बंडूकडंच गेले.

"बंडू, माझा एक मित्र आहे. त्याला टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन पाहिजे म्हणतो."

"मित्राचं वय काय, दाजी?"

"पन्नाशीच्या आसपास."

"पोट?"

"आहे थोडं."

"अन् मित्राची बायको माझी सख्खी बहीण आहे का?"

अनिरुद्धराव खोकल्याच्या गोळ्यांची बरणी न्याहाळू लागले.

"दाजी, चिठ्ठीशिवाय मी देणार न्हाई," बंडू म्हणाला. "अन् ताईपासून लपवून तर न्हाईच न्हाई. तिला कळलं तर ती मला उभा चिरंल."

संध्याकाळपर्यंत बंडूनं प्रेमावहिनींना सगळं सांगितलं होतं. दिवाणाखालची सतरंजी काढून त्यांनी गच्चीवर झटकली, आणि अनिरुद्धराव काय ते समजले. जवळेकरांच्या घरात ती सतरंजी बैठकीलाच निघते. फरशी बदलायची तर बैठक. लेकीला, अनुश्रीला, नांदेडला शिकायला ठेवायचं तर बैठक. अनिरुद्धरावांचं लग्नही याच सतरंजीवर ठरलं होतं, आणि त्यात त्यांना एक शब्द बोलू दिला नव्हता. (ती पद्धत अजून मोडलेली नाही.)

रविवारी सकाळी बैठक भरली. मधोमध अनिरुद्धरावांच्या आत्या रुख्मिणीबाई, ठेवणीतलं इरकल नेसून. घरातल्या सगळ्या सोयरिकी त्यांनीच जुळवल्या होत्या, त्यामुळं कुठल्याही विषयात त्या तशाच शिरत. एका बाजूला इस्त्रीचा शर्ट घातलेला बंडू. समोर सुशीलाच्या, म्हणजे पोह्यांसारख्या फोडणी दिलेल्या चुरमुऱ्यांच्या, भरल्या ताटल्या. अनिरुद्धराव भिंतीला टेकून खाली मान घालून बसले.

"हं, सांगा," आत्या म्हणाल्या. "इंजेक्शनवाली माणसं कशी आहेत?"

"माणसं न्हाईत हो आत्या, औषध आहे," बंडू म्हणाला.

"तेच ते. वळण कसं आहे? पुढं त्रास द्यायचं न्हाई ना?"

बंडूनं घसा साफ केला. "ज्याचं खरंच कमी आहे, त्याला फायदा होतो. न्हाई म्हणत न्हाई. पण एकदा सुरू केलं की बहुतेकांना घेतच राहावं लागतं. बाहेरून मिळून राहिलं म्हटल्यावर शरीर स्वतःचं बनवायचं थांबवतं."

"बराबर," आतून प्रेमावहिनींचा आवाज आला. "आयतं ताटात पडलं की कोण हलतंय?"

"अन् रक्त दाट होऊ शकतं. वरचेवर तपासावं लागतं, प्रोस्टेटवरही लक्ष ठेवावं लागतं."

"म्हणजे त्यांच्या मागण्या पुष्कळ आहेत," आत्यांनी हिशेब लावला. "अनिरुद्धा, तुला पसंत आहे का रे?"

आयुष्यात पहिल्यांदा त्या सतरंजीवर कुणी त्यांची पसंती विचारली होती. अनिरुद्धराव सावरून बसले. ते तोंड उघडणार, तेवढ्यात शेजारच्या सुनितावहिनींनी वाटीभर साखर मागायला म्हणून दारातून आत डोकावलं. त्यांना सतरंजी दिसली, सुशीलाच्या ताटल्या दिसल्या, आत्यांचं इरकल दिसलं, आणि 'पसंत आहे का' हे तर कानावरच पडलं. त्या आल्या पावली परत गेल्या. वसमतमध्ये एवढ्या सामग्रीवरून दुसरा अर्थ कोण काढील?

थोड्याच वेळात त्या परत आल्या, हातात नारळ आणि हळदीकुंकवाचा करंडा घेऊन.

"वा गं वा, प्रेमावहिनी! लेकराचं जमून राहिलं, अन् भिंतीला भिंत असून आमाला पत्ता न्हाई!"

"अहो, कोणाचं जमलं?"

"आता माझ्यापासून काय लपवता? मी आत्ताच आमच्या पुजाला फोन करून सांगितलं. लई खूश झाली."

पुजा म्हणजे सुनितावहिनींची लेक, गेल्याच महिन्यात कुरुंद्याला लग्न होऊन गेलेली, आणि अनुश्रीची जिवाभावाची मैत्रीण. पुढचं सांगायलाच नको. अनिरुद्धरावांचा फोन वाजला. गडबडीत त्यांचा अंगठा स्पीकरच्या बटणावर पडला.

"पप्पा! तुमी मला न विचारता माझं लग्न ठरवून राहिले?"

"न्हाई गं बाई..."

"पुजा म्हणाली, नारळसुद्धा आला! मी आत्ता बसमध्ये बसून येऊन राहिले. त्या पोराला मी सगळ्यांसमोर न्हाई म्हणणार!"

"अनु, ऐक. पोरगं न्हाई. बैठक तुझी न्हाईच."

"मग कोणाची?"

अनिरुद्धरावांनी बंडूकडं पाहिलं. बंडू ताटलीतले शेंगदाणे वेचत होता. आत्यांकडं पाहिलं. आत्या सुपारी कातरत होत्या. लेक तिकडं रडकुंडीला आलेली. सुटका नव्हती.

"माझी आहे," ते म्हणाले. "माझं हार्मोन कमी आलंय. इंजेक्शन घ्यावं का न्हाई, त्याची बैठक आहे."

सुनितावहिनींनी नारळ हळूच पदराआड घेतला.

"अरे देवा," अनुश्री म्हणाली, आणि मग तिला जे हसू फुटलं ते फोन बंद होईपर्यंत थांबलं नाही.

अनिरुद्धराव रिकाम्या ताटल्या गोळा करून स्वयंपाकघरात गेले. (एरवी ते ताटली उचलत नाहीत. पण बाहेर सुनितावहिनी होत्या.) प्रेमावहिनी चहा गाळत होत्या.

"मला काहून सांगितलं न्हाई?" त्यांनी मागं न वळताच विचारलं.

"लाज वाटली."

"माझी?"

"तुझीच तर." अनिरुद्धरावांनी ताटल्या ओट्यावर ठेवल्या. "वाटलं, तू म्हणशील, हा माणूस संपला. आता म्हाताऱ्यात जमा. भीती वाटली मला, प्रेमा."

प्रेमावहिनींनी गाळणं खाली ठेवलं आणि त्यांच्याकडं नीट बघितलं. डोळ्यांत पाणी होतं की चहाची वाफ, ते अनिरुद्धरावांना कळलं नाही.

"तुमी रक्त दिलं कधी? पुजाच्या लग्नाहून येताना. कुरुंद्याला सगळ्या रात्री जागून काढल्या, बुंदी हाणली, आणि झोपेला पारखे झालेले तसेच तिकडून नांदेडला गेलात. भर दुपारी बाही वर केली. खरं ना?"

"खरं."

"बाजारात पोत्याच्या तोंडाजवळची मूठभर हळद बघून भाव लावू देता का?"

"छ्या! पार तळापर्यंत नळी खुपसून नमुना काढावा लागतो."

"मग स्वतःचा भाव असा वरवर बघून काहून पाडला?" त्यांनी त्यांच्या हातात कप दिला. "मला तुमी म्हातारे बिलकुल वाटत न्हाई. आळशी वाटता. ते तर पहिल्या दिवसापासून वाटता, अन् तरी मी हितंच आहे की न्हाई?"

अनिरुद्धरावांच्या अंगातून गरम काहीतरी सरकलं. (अर्धा वाटा चहाचा होता.) इतकं बरं त्यांना यकृताच्या रिपोर्टनंही वाटलं नव्हतं.

बैठकीचा निकाल असा लागला, की आधी डॉक्टर, मग इंजेक्शन. डॉक्टरांनीही तेच सांगितलं: हे हार्मोन सकाळी तपासायचं, चांगली झोप काढून तपासायचं, आणि एकदा कमी आलं म्हणून लगेच काही सुरू करायचं नाही. प्रेमावहिनींनी आठवडाभर त्यांना वेळेवर झोपवलं, पहाटे साखर कारखान्याच्या रस्त्यानं चालवलं, आणि सकाळी सकाळी लॅबच्या दारात नेऊन उभं केलं.

रिपोर्ट घेऊन दोघं डॉक्टरांसमोर बसले.

"अगदी व्यवस्थित आहे," डॉक्टर म्हणाले. "इंजेक्शनची काहीएक गरज नाही."

प्रेमावहिनींनी हात जोडले. अनिरुद्धरावांचा चेहरा मात्र पडला.

"पण डॉक्टरसाहेब, दुपारी जेवणानंतर मला गुंगी येते, तिचं काय?"

"जेवता काय?"

"भाकरी," अनिरुद्धराव मोघम म्हणाले.

"भात वेगळा सांगू का?" प्रेमावहिनींनी विचारलं.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं.

"तरी पण," अनिरुद्धराव पुढं सरकून हळूच म्हणाले, "थोडंसं कमी आहे, असं लिहून मिळंल का?"

घरी सगळे वाट बघत बसले होते. सतरंजी अजून तशीच अंथरलेली. सुनितावहिनीही होत्या, पण या वेळी रिकाम्या हातांनी.

"काय निरोप आला?" आत्यांनी विचारलं.

"नकार आला," बंडू रिपोर्ट वाचून म्हणाला. "सगळं नॉर्मल आहे."

अनिरुद्धराव मटकन खाली बसले. प्रेमावहिनींनी शिडी आणली, माळ्याला टेकवून उभी केली, आणि कमरेवर हात ठेवून त्यांच्याकडं बघत राहिल्या. कूलर वरून त्यांच्याकडं बघत होता. आता मध्ये सायन्सही नव्हतं.

आत्यांना भाच्याची दया आली. त्यांनी सरकत येऊन त्याच्या पाठीवरून हात फिरवला.

"मन लहान करून घेऊ नको रे बाबा," त्या म्हणाल्या. "एक मोडलं म्हणून काय झालं? दुसरं बघू. थायरॉईडकडं विचारून पाहिलं का?"