राणीसावरगावच्या पारावर वळूचा अर्थ फत्ते जाहला, त्याची हकीकत

श्रीनृसिंह पोखर्णीकर प्रसन्न.

मोठमोठ्या लढायांच्या हकीकती लिहिणारे पुष्कळ जाहले. परंतु गंगाखेड तालुक्यात मौजे राणीसावरगावी, निजामाच्या अमदानीत, फसली सन तेराशे सत्तेचाळीस, माहे बहमन, ऐन थंडीत, मारुतीच्या पारावर जे तुंबळ माजले, त्यास कोणी कागद दिला नाही. ही कसूर मोठी जाणोन, ज्यांणी पाहिले त्यांस विचारोन आणि ज्यांणी पाहिले नाही त्यांस अधिकच विचारोन, वर्तमान जैसे घडले तैसे लिहिले आहे.

दिनकरराव मास्तर नामे सरदार. त्यांणी हैदराबादेस मुक्काम करून इंटरच्या किल्ल्यास दोन वेळा वेढा घातला आणि दोन्ही वेळा मोर्चे उठवून स्वदेशी परतले. मग अर्जावर अर्ज गुदरून खासगी शाळेची इजाजत मिळविली आणि दुपारचा थोरल्या माणसांचा वर्ग पारावर बसता केला. फौजेत बिनीचे असामी दोन. एक, मेंढरे राखणारा येडबा; दुपारी मेंढरे निंबाखाली रवंथ करीत, तेव्हा आपणही काही चघळावे म्हणून तो येई. दुसऱ्या कडूबाई, त्यांचा जोंधळा पारास लागूनच उभा, आणि येडबाच्या मेंढरांनी त्यात तोंड घालू नये म्हणून त्या हातात पाटी व मांडीवर गोफण घेऊन विद्याभ्यास करीत. गोफणीचा दरारा ऐसा की पाखरूदेखील त्या वावरास वळसा घालून जाई.

मास्तरांनी मुळाक्षरे काबीज केली, जोडाक्षरांशी तह केला आणि मग त्यांस दुर्बुद्धी सुचली की आता साहित्य शिकवावे. ‘देवाचा वळू’ नामे एक जुनी नामांकित गोष्ट त्यांजपाशी होती. तीत मजकूर ऐसा की, देवाच्या नावाने सोडलेला वळू गावाची पिके खातो, त्यास हाकलण्याची कोणाची छाती होत नाही, जो तो हात जोडून म्हणतो, “खाऊ द्या, देवाचं जनावर”. आणि मग वळू खाऊन खाऊन फुगून मरतो, आणि सारा गाव गळा काढून रडतो, आणि रडता रडता जेवणावळ उठवितो.

मास्तरांनी खासा सवाल टाकला की, हा वळू म्हणजे कोण?

“वळू म्हंजे वळू,” येडबा बोलला. “दुसरं काय आसंल?”

“कुणाचं वावर खाल्लं त्येनं?” कडूबाईंनी जाब पुसला. “माजं आसतं तर मी देवालाच बलावून दाखीवलं आसतं.”

पहिली चढाई ऐसी बुडाली. मग दुसरे दिवशी मास्तरांनी प्रतीक नामे तोफ चढविली आणि समजावून दिले की, गोष्टीत एक वस्तू दिसते व तिच्याआड दुसरीच उभी असते. त्याचा परिणाम विपरीत जाहला. येडबास जिकडेतिकडे प्रतीके दिसू लागली. मारुतीचे शेपूट कशाचे, निंबाची काडी कशाची आणि मास्तरांचा चष्मा कशाचे प्रतीक, ऐसे पुसून त्याने सरदारास सळो की पळो केले. तोफ आपल्याच गोटाकडे तोंड करून उडाली म्हणावयाची.

त्याउपरि मास्तरांनी उपरोधाची कुमक आणिली. लेखक गाव रडला म्हणतो, परंतु त्याच्या मनात उलट आहे, ऐसे सांगताच कडूबाई कडाडल्या, “मंग सरळ सांगाया त्येची जीब झडली का?” मास्तर म्हणाले, ज्यास भीती बाळगून नांदणे आहे, त्याने उलटे बोलावे आणि ऐकणाराने सुलटे समजावे.

तेव्हा कडूबाईंनी पाटी खाली ठेविली. “अगं बया! म्हंजी आमीन आल्यावर आपुन करतो तसं!”

येथे रिवाज सांगणे जरूर आहे. ठाण्याचे अमीनसाहेब, म्हणजे फौजदार, स्वारीस निघाले म्हणजे गावाने खाट, कोंबडी व घोड्यास वैरण फुकट हजर करावी, आणि निरोपाचे वेळी सर्वांनी मुजरा करून म्हणावे की, आपखुशीने दिले, साहेब, फिरून यावे. हा परिपाठ बापजाद्यांपासून बिनतक्रार चालत होता, आणि यास साहित्य म्हणतात हे कोणास ठाऊक नव्हते.

“आन ह्यो वळू तर घोड्यावर बसून येतोय!” ऐसे येडबा ओरडला, आणि पारावर जो हशा पिकला त्याने झोपली मेंढरे उभी राहिली. मास्तरांच्या डोळ्यांस पाणी आले. वळूचा अर्थ हाती लागला.

परंतु हशास पाय असतात. तो ठाण्यापर्यंत चालत गेला. मग गावचा शेतसनदी शिपाई मुंजाजी धावत खबर घेऊन आला की, पारावर सरकारची चेष्टा होते ऐसे कोणी कळविले असून उद्या अमीनसाहेब खासे चौकशीस येतात. शाबीत जाहल्यास शाळेस कुलूप आणि मास्तरांस परभणीचा तुरुंग. मास्तरांनी तत्काळ फर्मान काढिले की, शिकविलेले सर्व विसरावे, वळू म्हणजे वळूच.

“लय मेहनतीनं शिकलाव मास्तर,” येडबा म्हणाला, “आता इसरायचा बी वर्ग घ्या.”

दुसरे दिवशी अमीनसाहेब दाखल जाहले, कोंबडी आपखुशीने खाल्ली, खाटेवर लवंडले आणि गोष्ट वाचण्याचा हुकूम केला. मास्तरांनी वाचण्यास आरंभ केला. साहेबांनी येडबास पुसले, “ये वळू कोन है? सच बोल!”

“वळू हाय साहेब. गाईमागं फिरतंय त्ये.”

साहेबांस संशय राहिला. आणि ते कडूबाईंकडे वळणार, इतक्यात त्यांचा घोडा दावे तोडून जोंधळ्यात शिरला. कणसे कडाकडा मोडू लागली. कडूबाईंचा हात गोफणीस गेला. मास्तरांनी डोळे मिटले. धोंडा सुटला तर शाळा गेली, आणि कोणी हसला तरी गेलीच.

मग कडूबाईंनी गोफण खाली ठेविली, पदर सारखा केला आणि घोड्याकडे पाहून हात जोडिले.

“खाऊ द्या साहेब. देवाचं जनावर.”

कोणी हसले नाही. येडबाने पटक्याचा सोगा तोंडात कोंबला. अमीनसाहेब फार खूष जाहले, त्यांणी पुढे वाच म्हणून फर्माविले, आणि वळू फुगून मेला हे ऐकताच त्यांचे काळीज द्रवले, ढेकर देऊन ते म्हणाले, “अरेरे, बेचारा!” आणि रुमालाने डोळे पुसले. तेव्हा वर्गाचा बांध फुटला. पदर व पटके तोंडास लावून सारे ऐसे गदगदा हलू लागले की साहेबांनीच त्यांची समजूत घातली. मग त्यांणी हुकूम लिहविला की, रयत भोळी, अकलेने कमी, फितव्याचे काम यांजकडून होणे नाही. गोष्ट इमानाची असून शाळा बेलाशक चालावी. आणि फिरून यावे ऐसा सर्वांचा आग्रह घेऊन स्वारी कूच जाहली.

मास्तर उजाड वावराच्या बांधावर जाऊन नम्रपणे बोलले की, कडूबाई, आज तुम्ही उपरोधाची शर्थ केलीत.

“कसला उपरोध, मास्तर?” त्या मोडकी ताटे गोळा करीत म्हणाल्या. “सायबाचं जनावर त्ये देवाचंच की. आमा अडाण्यांला काय कळतंय?”

चेहऱ्यावर रेष हलली नाही. त्या खरे बोलल्या की उलटे, या विवंचनेत मास्तरांस अन्न गोड लागेना.

दुसरे दिवशी दुपारी येडबाच्या एका मेंढराने उरल्या जोंधळ्यास तोंड लाविले. येडबाने हात जोडून म्हटले, “खाऊ द्या कडूबाई, देवाचं जनावर.”

गोफणीचा धोंडा आला तो येडबाचा पटका घेऊन निंबापलीकडे गेला. मास्तरांस अर्थ लागला.

येणेंप्रमाणे मोहीम फत्ते. शाळा कायम, मास्तर सलामत, जोंधळा कामास आला. पटका सायंकाळी सापडला.