चाकसारंगी कोण बेसूर करतंय?

माणूस ओळखण्यात माझा हात धरणारा जर्मनीतल्या अख्ख्या हार्ट्झ डोंगरात कुणी नाही! म्हणून तर आमच्या अल्बमवर घाला पडला, तेव्हा मी पहिल्याच दिवशी गुन्हेगार हुडकला. नाव रूप्रेख्ट, धंदा इलेक्ट्रिक गिटार.

आमचा बँड म्हणजे तिघांचा कारभार. मी हेनिंग, गायक आणि अर्थातच प्रमुख. माझी बायको वीबके चाकसारंगी वाजवते. तिचं हँडल फिरवलं की लाकडी चाक तारांवर घासतं आणि जुन्या मठात कुणीतरी हंबरडा फोडल्यासारखा सूर निघतो. तिसरा हा रूप्रेख्ट. सरदारांची, जोगड्यांची, प्लेगात गेलेल्या प्रेयसींची मध्ययुगीन गाणी आम्ही गिटारचा दणका देऊन गातो. किल्ल्यावरच्या जत्रांत चिलखतं घातलेले लोक बिअर सांडत आमच्यापुढे नाचतात! पण अल्बम हा पहिलाच. माझा आवाज कायमचा राहणार म्हणून मला झोप लागत नव्हती.

गेझीनबाईंनी धान्याच्या जुन्या कोठारात स्टुडिओ थाटलाय. तिथे जानेवारीतला एकच आठवडा मोकळा होता. शुक्रवारपर्यंत काम झालं नाही, तर पुढची तारीख थेट सप्टेंबरात! शिवाय या अल्बमसाठी मी हट्टानं चाकसारंगीला मेंढीच्या आतड्याच्या तारा चढवायला लावल्या होत्या. मध्ययुग म्हणजे मध्ययुग!

सोमवारी सूर लावले, कॉफी प्यायला गेलो, परत येऊन बघतो तर चाकसारंगी बेसूर! पुन्हा लावली. जेवून आलो, पुन्हा बेसूर!

"कुणीतरी खुंट्या पिळतंय," मी वीबकेच्या कानात म्हटलं.

"कुणाला एवढा वेळ आहे? तारा नव्या आहेत, बसतील हळूहळू."

तेवढ्यात रूप्रेख्ट म्हणाला, "फेका ते लाकूड! कीबोर्डवर मी हाच आवाज काढून देतो."

झालं! मला आणखी काय पाहिजे होतं?

मंगळवारी मी गुपचूप प्रत्येक खुंटीवर एकेक केस चिकटवला. कॉफीनंतर पाहिलं, केस जागच्या जागी आणि चाकसारंगी बेसूर! केसही न हलवता खुंटी पिळतो म्हणजे केवढा बिलंदर माणूस!

"रूप्रेख्ट, जरा बोटं हुंगू दे," मी म्हटलं. चाकाला राळ लावलेली असते. हात लावला असेल तर वास येणारच.

"काय हुंगू दे?"

"बोटं! घाबरतोस कशाला?"

त्यानं हात पुढे केला. सॉसेज आणि मोहरीचा वास आला. मी म्हटलं, "मुद्दाम खाल्लंस ना? राळेचा वास मारायला?"

तो लालबुंद झाला. "उद्यापर्यंत पुरावा आण, नाहीतर मी गिटार उचलून घरी चाललो! सांभाळा तुमचं मध्ययुग!"

आता तो गेला तर अल्बम बुडाला, आणि तो राहिला तरी सूर बुडणार! म्हणून बुधवारी मी दाताच्या डॉक्टरकडे जातो असं सांगितलं आणि सगळे केक खायला गेझीनबाईंच्या स्वयंपाकघरात गेल्यावर वेशभूषेच्या कपाटात शिरलो. लोखंडी कड्यांच्या चिलखताला खेटून फटीला डोळा लावला.

आधी रूप्रेख्ट आला. श्वास रोखून बघतो तर त्यानं नाक मुरडलं, खिडक्या सताड उघडल्या आणि गेला. थोड्या वेळानं येऊन लावून घेतल्या. मग वीबके आली, तिनंही उघडल्या, लावल्या. मग गेझीनबाई. चाकसारंगीकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. फुकट गेली मेहनत! कोंदट खोलीत खिडक्या उघडायच्या नाहीत तर काय करायचं? बाहेर बर्फ असेना का! कपाटात शिरण्याआधी मीसुद्धा चांगल्या उघडून मग लावल्या होत्या.

पण त्या गारठ्यानं मी असा कुडकुडायला लागलो की शेजारचं चिलखत खुळखुळायला लागलं.

"अगं बाई, उंदीर!" गेझीनबाई किंचाळल्या. रूप्रेख्ट झाडू घेऊन धावत आला आणि त्यानं कपाट उघडलं.

"दात दाखवायला गेला होतास ना?"

"क-क-कुणीच हात लावला नाही," मी म्हटलं. "सगळ्यांनी येऊन नुसती हवा खेळवली."

"सगळ्यांनी?" वीबकेनं विचारलं. "मला वाटलं, मी एकटीच उघडते."

"मीपण," रूप्रेख्ट म्हणाला.

"मी तर येता-जाता उघडते," गेझीनबाई म्हणाल्या.

आम्ही चौघांनी खिडक्यांकडे पाहिलं, मग त्या बिचाऱ्या चाकसारंगीकडे. आतड्याची तार गारठ्यानं आखडते आणि हीटरच्या उबेनं सैलावते, हे सांगायला कुणी लागलं नाही. रूप्रेख्टची माफी मागताना माझी मान वर होईना.

मग खिडक्या बंद म्हणजे बंद! जीव नुसता घुसमटत होता, पण चाकसारंगी सुरात राहिली. फक्त गुरुवारी मी गायला तोंड उघडलं आणि घशातून खरखर बाहेर पडली. कपाटातली थंडी भोवली! शुक्रवारी तर तेवढीही निघेना.

"तुझ्या ओळी मी चाकसारंगीवर वाजवते," वीबके म्हणाली.

"चालेल!" रूप्रेख्ट आणि गेझीनबाई एकदम म्हणाले. एवढ्या चटकन? मला तिथेच संशय आला होता!

अल्बम निघाला. माझा फोटो आहे, आवाज नाही. परवा आमच्या भागातल्या पेपरात परीक्षण आलं, "आपल्यात काय जास्त होतं, हे या बँडला अखेर उमगलं आहे."

माझा नुसता संताप झाला! "हे रूप्रेख्टनंच लिहून घेतलंय!" असं ओरडत मी तो पेपर वीबकेपुढे आपटला. तिनं परीक्षण शांतपणे वाचलं. पुन्हा एकदा वाचलं. मग माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली,

"किती सांभाळून लिहिलंय रे बिचाऱ्यानं!"