साडूच्या रस्त्याला खड्डा का पडत नाही?

"आता असा रस्ता करतो, की नातवंडं त्यावरून गाड्या पळवतील!" इंजिनिअरसाहेबांनी चहा पिता पिता जाहीर केलं.

"आधी एक पावसाळा तरी टिकू दे," बायको म्हणाली. "नाहीतर दाजींचा रस्ता बघा, आरसा नुसता!"

दाजी म्हणजे तिच्या थोरल्या बहिणीचे यजमान, म्हणजे साहेबांचे साडू. दुर्दैवाने तेही त्याच खात्यात इंजिनिअर! एकाच डांबरी रस्त्याचा पहिला निम्मा भाग साडूंकडे, पुढचा साहेबांकडे. तीन पावसाळ्यांत साडूंच्या भागाला टाचणीएवढं भोक नाही, आणि साहेबांच्या भागाची चाळणी! हद्द आली की बसचा कंडक्टर ओरडायचा, "दांड्या धरा!" ते ऐकून साहेबांच्या पोटात दुखायचं.

एक दिवस रोलरवाला कानाशी लागला. "साडूसाहेबांच्या गोदामात जुन्या टायरच्या भुग्याची पोती बघितली मी."

साहेबांची ट्यूब पेटली. डांबरात रबर! लबाड कुठला, घरच्या माणसापासून लपवतो!

"शंभर किलो डांबराला दहा किलो भुगा घालतात, साहेब," मिश्रण करणारा मिस्त्री म्हणाला.

"साडू दहा घालतो ना? मग आपण तीस!"

"अहो, पण साहेब..."

"घाल म्हणतो ना!"

पन्नास मीटरचा तुकडा अंथरला. रोलर पुढे गेला, मागचा रस्ता कणकेसारखा फुगून वर आला! रोलर मागे आला, तर पुढचा फुगला!

"साहेब, दाबतोय मी, पण हा ऐकतच नाही!" रोलरवाला ओरडला.

डांबर निवून कोमट झालं, तरी हेच चाललेलं. तेवढ्यात मुख्य अभियंता बाई पाहणीला आल्या. त्यांनी एक पाऊल टाकलं, रस्ता गादीसारखा दबला. दुसरं टाकलं आणि पाय वर आला, बूट नाही! बाई एका पायावर लंगडी घालत किंचाळल्या, "हा रस्ता आहे की च्युइंगम?"

साहेबांनी बूट ओढायला वाकून हात टेकला. हातही तिथेच!

शेवटी रॉकेलचा डबा घेऊन धावत आले ते साडूच. साहेबांची बोटं एकेक करून सोडवताना त्यांनी हळूच विचारलं, "रबराचं कुणी सांगितलं तुम्हाला?"

"तुमच्या गोदामात पोती आहेत!"

"अहो, ती मुलांच्या मैदानावर पसरायला. पडली तर गुडघे फुटू नयेत म्हणून. माझं डांबर तुमच्यासारखंच, साधं."

"मग खड्डे का पडत नाहीत?"

"मी कडेची गटारं उपसतो. पाणी साचलं नाही, की रस्ता टिकतो. विचारलं असतंत तर सांगितलं असतं की!"

साहेबांना धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. पण ईर्ष्या कुठली स्वस्थ बसू देते? तुकडा उखडून झाल्यावर त्यांनी आठवडाभर माणसं लावून गटारं उपसली आणि छाती फुगवून घरी आले.

"ऐकलंस का? तुझ्या दाजींच्या गटारातून गाळाच्या चार गाड्या निघाल्या. माझ्या गटारातून एकोणीस!"

बायको भाजी निवडत होती. तिने मानही वर केली नाही.

"म्हणजे त्यांचं गटारसुद्धा तुमच्यापेक्षा स्वच्छ होतं, असंच ना?"