पाच घरचा तांदूळ

हाती घेतलेलं काम मी सोडत नाही! नागभीडच्या आसपास कोणत्याही गावात विचारा. यंदा, सन पंचावन्नच्या पावसाळ्यात, तर मी सहा पोरींचं शिक्षणच हाती घेतलं.

मी गावातला मास्तर. चौथीपुढं आमच्याकडं शाळा नव्हती. शिकायचं तर नागभीडला राहायचं. तिथले गुणवंतराव पोरींसाठी आपली रिकामी खोली द्यायला तयार झाले. रांधायला अन् राखणीला गुणाबाई मिळाली. "पण जेवणाची सोय पाहीन, मंगच वर्षभराची चावी देईन," गुणवंतराव म्हणाले. "रविवारी पोरींसंग जेवाले येतो."

मजुरी करणाऱ्या मनकर्णाबाईची चंदा चौथीत पहिली आली होती. चावी नाही मिळाली, तर सोमवारपासून आईसोबत भाताच्या रोवणीला जाणार होती.

मी घरटी पायलीभर तांदूळ मागितला. गाव दिलदार! सोमाजीनं जुना जाडा दिला, सुरय्याबाईनं नवा बारीक, भैयाजीनं उकडा. कोणाचा भारी, कोणाचा हलका, हा भेद पोरींच्या ताटात नको, म्हणून मी सगळा कणगीएवढ्या एकाच ढोलीत ओतला अन् बांबूनं चांगला ढवळला. स्वतःवरच खूश झालो!

रविवारी गुणाबाईनं ढोली पाहून कपाळावर हात मारला. "हे काय करून ठेवलं, मास्तर? एक शिजते तवर दुसऱ्याची पेज होते!"

"अहो बाई, तांदूळ म्हणजे तांदूळ!" मी म्हणालो. बिनलग्नाचा गडी मी, बारा महिने पाळीपाळीनं गावात जेवणारा!

झालं तसंच. ताटात खाली खळ, वर खडे! गुणवंतरावांनी पहिला घास चावला अन् कटकन आवाज झाला. तोंडातून त्यांनी काढला तो दाणा नव्हता, दात होता!

"चावीचं राहू द्या, मास्तर," गाल धरून ते म्हणाले, "पहिले माहा दात द्या!"

चंदा खाली मान घालून कच्चे दाणे चावत होती. "मले आवडते जी असाच भात," ती हळूच म्हणाली. डोळे मात्र भरले होते. वाटलं, त्या ढोलीतच जाऊन बसावं.

लेकीला सोडायला आलेली मनकर्णाबाई दारातून पुढं झाली. "काऊन घाबरता जी? मजुरी पाच घरची, त तांदूळई पाच घरचा. आमच्या घरी रोज असाच असते. दळाचा अन् भाकर थापाची!"

पदर खोचून ती जात्यावर बसली. पांढऱ्या, मऊ भाकरी झाल्या. गुणवंतरावांनी वरणात कुस्करून तीन खाल्ल्या, दुसऱ्या गालानं! मग ताट बोटानं पुसून घेतलं. "माही माय अशीच करे," म्हणाले, अन् चावी चंदाच्या हातावर ठेवली. मला रडू आलं, खोटं काऊन बोलू!

"पण हा ढोलीभर तांदूळ दळन कोण?" गुणाबाईनं विचारलं.

सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं.

आता दर रविवारी दोन कोस चालत जातो अन् दुपारपर्यंत जातं ओढतो. तळहाताला फोड आलेत. अन् जिच्यासाठी हे सारं, ती चंदा चिमटीत पीठ घेऊन म्हणते, "गुरुजी, जाडंच पडते जी!"