दात न दुखणाऱ्यांची गर्दी

हरवलेली वस्तू आपल्याला पाहिलं की स्वतःहून शरण येते, असं सासरेबुवा स्वतःबद्दल सांगत, आणि त्यात खोटं काही नव्हतं. रेल्वेच्या हरवलेल्या सामानाच्या खिडकीमागे त्यांनी उभी हयात काढली होती. छत्र्या, डबे, एकदा तर लाकडी पाय, सगळं लोकच आणून देत आणि लोकच ओळख पटवून घेऊन जात. मधल्या काळात ते सासरेबुवांच्या कपाटात पडून असे. या मधल्या काळाला ते 'तपास' म्हणत. निवृत्त झाल्यावर त्यांनी एक भिंग विकत घेतलं, स्वतःला खाजगी गुप्तहेर जाहीर केलं आणि मदतनीस म्हणून जावयाची नेमणूक केली. जावयाला कोणी विचारलं नव्हतं. त्या घरात ती पद्धतच नव्हती.

जावयाची बायको दातांची डॉक्टर. तिने नुकताच स्वतःचा दवाखाना थाटला होता. खाली दवाखाना, वर घर, मध्ये आतला जिना. जावई काउंटरवर बसून नंबर द्यायचा, हत्यारं उकळायचा आणि घाबरलेल्या मुलांना गोष्टी सांगायचा. सगळं सुरळीत चाललं होतं, तोवर बाहेरच्या खोलीत माणसं येऊन बसायला लागली.

माणसं येणं चांगलंच. पण यांचे दात दुखत नव्हते. एक बाई कोपऱ्यातली खुर्ची धरून स्वेटर विणायची. एक म्हातारे गृहस्थ सकाळचा पेपर संध्याकाळपर्यंत पुरवून वाचायचे. दोघे विक्रेते मोबाइल चार्जिंगला लावून पंख्याखाली घोरायचे. नंबर विचारला की सगळे गोड हसून 'आमचं काही नाही, तुमचं चालू द्या' म्हणायचे. खरा रोगी गालावर हात ठेवून दारात यायचा, बसायला जागा नाही हे बघायचा आणि तसाच परत जायचा. जावयाला कोणाला ऊठ म्हणवत नव्हतं. त्याचा स्वभावच तसा. बायको एका रात्री जेवताना म्हणाली, की असंच चाललं तर हे आवरून पुन्हा दुसऱ्याच्या दवाखान्यात नोकरी धरावी लागेल. ती रडली नाही, भाजी मात्र ताटात तशीच राहिली. जावयाला तेच जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी सासरेबुवांनी प्रकरण हाती घेतलं.

पहिला संशय समोरच्या दंतवैद्यावर गेला. खुर्च्या अडवायला त्यानेच भाडोत्री माणसं बसवली असणार. पुरावा म्हणून सासरेबुवांनी पेपरवाल्या आजोबांच्या जांभईत भिंगातून डोकावून पाहिलं. तोंडात एकही दात नव्हता. ज्याला दातच नाहीत तो दातांच्या डॉक्टरकडे येतोच कशाला, तेव्हा हाच टोळीचा म्होरक्या, असा निष्कर्ष निघाला. 'खायचे दात वेगळे नि दाखवायचे वेगळे असतात, जावईबापू. याचे दोन्ही नाहीत. किती पोचलेला असेल बघा.'

पण समोरचा दंतवैद्य महिनाभरापासून स्वतःच्या मुलीकडे गेलेला निघाला. मग संशय शेजारच्या बँकेकडे वळला. विणणाऱ्या बाईंच्या लोकरीचा गुंडा भिंतीपर्यंत घरंगळत गेला होता. म्हणजे त्या बँकेपर्यंतच्या भुयाराची लांबी मोजत होत्या. जावयाने गुंडा उचलून बाईंना दिला. बाई 'थँक्यू हं' म्हणाल्या. सासरेबुवांना त्यातही सांकेतिक भाषा ऐकू आली.

शेवटी ते वेषांतर करून, गालाला फडकं बांधून गर्दीत जाऊन बसले. नेमकं तेव्हाच आतून त्यांच्या लेकीने 'पुढचे' अशी हाक दिली. बाकी सगळ्यांनी मोठ्या उदारपणे सासरेबुवांना पुढे ढकललं. वडील आहेत हे तिने फडकं सोडल्यावर ओळखलं, आणि दाढ किडली आहे हे तोंड उघडल्यावर. बाहेर आले तेव्हा त्यांचा अर्धा चेहरा बधिर होता. पुढचा तास त्यांनी काय तर्क मांडले ते जावयाला कळलं नाही, आणि त्याने विचारलंही नाही.

दुपारी सासूबाई लेकीसाठी डबा घेऊन रस्त्याच्या दाराने आल्या. त्यांनी गर्दी पाहिली, विणणाऱ्या बाईंशेजारी अर्धी खुर्ची मिळवली आणि सरळ विचारलं, 'तुम्ही सगळे इथे का बसता हो?'

'बाहेर लिहिलंय ना,' बाई म्हणाल्या. 'आम्हाला वाटलं, डॉक्टरीणबाई मनाने मोठ्या दिसतात.'

जावई रोज आतल्या जिन्याने उतरणारा. तो पहिल्यांदाच रस्त्यावर जाऊन आपल्या दाराकडे बघत उभा राहिला. दारावर निळ्या रंगात, सुबक इंग्रजी अक्षरांत पाटी होती : फ्री फॉर ऑल.

मागून सासरेबुवा आले. पाटी त्यांचीच होती. मागच्या महिन्यात फरशीचं काम चाललं होतं, तेव्हा 'आत जरा गोंधळ आहे' एवढंच लिहायला लेकीने सांगितलं होतं. पण मराठीत लिहिलं तर दुरुस्ती वाटते, इंग्रजीत लिहिलं तर प्रगती, असं त्यांचं मत. शब्दकोशात गोंधळ या अर्थाचे बरेच शब्द सापडले. 'केऑस'चं स्पेलिंग लोक भलतंच वाचतील. 'पँडेमोनियम' पाटीत मावेना. 'मेस' लिहिलं असतं तर लोक जेवायला आले असते. म्हणून हा.

'फ्री-फॉर-ऑल म्हणजे झुंबड, बेबंदशाही,' ते वाकड्या ओठांनी म्हणाले. 'छापील अर्थ आहे.'

'मधे आडव्या रेघा असतात बाबा. त्या कुठायत?' जावयाने विचारलं.

'रेघांवर रंग कशाला घालवायचा?'

जावयाने पुन्हा एकदा पाटी वाचली. रेघा नव्हत्या म्हणून 'सगळ्यांना मोफत' असं समजून लोक आले, आणि लोक आले म्हणून रेघांसकट अर्थ खरा झाला. त्याला हसू यायला लागलं आणि ते आवरेना.

पाटी काढून तो आत गेला आणि आयुष्यात पहिल्यांदा पाहुण्यांना जायला सांगितलं. माफी त्यानेच मागितली. माणसं ओशाळली, चार्जर गोळा करू लागली. विणणाऱ्या बाई तेवढ्या उठल्या नाहीत.

'वर्षभर एकाच बाजूने चावते मी,' त्या हळूच म्हणाल्या. 'मशीनच्या आवाजानेच दवाखान्याच्या दारातून परत फिरायचे. इथे बसून बसून तो कानाला सवयीचा झालाय. आज बाहेर गेले तर पुन्हा यायची नाही.'

जावयाने त्यांचं विणकाम सुयांसकट नीट दोन्ही हातांत घेतलं आणि त्यांना आत पाठवलं. निघालेली मंडळी दारातच थबकली, मग एकेक करून परत बसली. मशीन सुरू झालं. बऱ्याच वेळाने बाई गाल धरून बाहेर आल्या आणि म्हणाल्या, की काहीसुद्धा दुखलं नाही. तेव्हा आजोबांनी पेपरची घडी घालून कवळी किती दिवसांत मिळते ते विचारलं. एक विक्रेता जिभेने दाढ चाचपू लागला. जावई विणकाम काखेत धरून नंबर लिहायला बसला.

संध्याकाळी सासूबाईंनी नवऱ्याला विचारलं, 'काय हो, सापडला का तुमचा गुन्हेगार?'

'सापडला,' सासरेबुवा भिंग पुसत म्हणाले. 'पण नात्यातला निघाला. म्हणून नाव गुप्त ठेवतोय.'