त्राटिकेचं नाक

सरकारी कचेरीत सतरा वर्षं कारकुनी केली की माणूस कोथिंबिरीची जुडीसुद्धा तीन दरपत्रकांशिवाय घेत नाही. त्यामुळे डिस्क सँडर घ्यायचं मनात आलं तेव्हा मी आधी तुलनात्मक तक्ता आखला. (डिस्क सँडर म्हणजे टेबलावर बसवायचं यंत्र. त्याच्या गरगर फिरणाऱ्या चकतीला पॉलिश पेपर चिकटवलेला असतो, त्यावर लाकूड टेकवलं की ते गुळगुळीत होतं. ही माहिती मी बायकोला, प्रतिभाला, तीनदा सांगितली. तिने तीनदा "बरं" म्हटलं.)

जव्हारला आमच्या घरामागच्या पडवीत माझं सुतारकाम चालतं. 'चालतं' हा शब्द जरा सैलपणे वापरतोय. आजवर दोन स्टुलं आणि एक पोळपाट एवढीच निर्मिती झाली आहे, आणि त्या पोळपाटावर लाटलेली पोळी उताराकडे निघून जाते अशी प्रतिभाची तक्रार आहे. दोष हाताचा नसून हत्याराचा आहे याबद्दल मला कधीच शंका नव्हती.

तक्त्यात रकाने होते. मोटार किती दणकट, चकती डगमगते का, व्होल्टेज पडलं तर काय. शेवटचा रकाना प्रतिभाने घालायला लावला: भुसा गोळा करायला पिशवी आहे का? अंगणात नागलीचे पापड वाळत असतात, त्यावर भुसा उडालेला तिला चालणार नव्हता. मी दोन महिने व्हिडिओ पाहिले, हार्डवेअरच्या दुकानात खेटे घातले. शेवटी दुकानदार हेमंतने विचारलं, "साहेब, मशीन न्यायचंय की पोरीला स्थळ बघताय?" तेव्हा कुठे मी पिशवीवालं मशीन उचललं आणि पहिल्याच दिवशी पोळपाट सपाट केला. (आता पोळी दुसऱ्या बाजूला जाते.)

हेमंतने पॉलिश पेपरही दिले, चाळीस नंबरपासून चारशेपर्यंत. नाजूक कामाला नाजूक पेपर लावा, एवढंच तो म्हणाला. नाजूक कोणता हे मी विचारलं नाही, कारण ते मला कळत होतं. आमच्याकडे वर्ग एकच्या साहेबांना दोन मिनिटं पंखा बंद पडला तर सोसत नाही, आणि वर्ग चारचा शिपाई भर उन्हात टपाल वाटत फिरतो. आकडा जितका लहान तितका प्रकार नाजूक. म्हणजे सगळ्यात नाजूक पेपर चाळीस नंबरचा.

अशात माझे सासरे देवराममामा आले. ते राहतात मोखाड्यात, सूर्यमाळच्या वाटेवरच्या एका पाड्यावर. बोहाड्यात, म्हणजे तिकडच्या देवांच्या मुखवट्यांच्या उत्सवात, त्राटिकेचं सोंग नाचवायचा मान त्यांच्या घराण्याचा आहे, तीन पिढ्यांचा. तो लाकडी मुखवटा त्यांनी फडक्यातून काढून माझ्या हातात ठेवला. रंगाचे पोपडे निघाले होते. म्हणाले, "जावाय, जरा हात फिरवून ठेवा. रंग मी देन."

लग्नानंतर पहिल्याच वर्षी मी त्यांच्या कुऱ्हाडीचा दांडा मोडला होता. तेव्हापासून अकरा वर्षं त्यांनी माझ्या हाती साधा कोयता दिला नव्हता, आणि आज घराण्याचं सोंग दिलं. मला खरंच भरून आलं.

मामा पाड्यावर परतले होते, प्रतिभा बाजारात गेली होती. मी चाळीस नंबरचा पेपर लावला आणि नाकाच्या शेंड्यावरचा एक पोपडा तेवढा काढावा म्हणून मुखवटा चकतीला टेकवला. मशीनची निवड उत्तम होती. मोटार दणकट होती, चकती तसूभरही डगमगली नाही. दोन सेकंदांत त्राटिका या गालापासून त्या गालापर्यंत सपाट झाली. (चाळीस नंबर हा सगळ्यात खरखरीत पेपर, हे हेमंतने नंतर सांगितलं.)

प्रतिभा आली. तिने पाहिलं.

"शूर्पणखा झाली," ती म्हणाली, आणि माझ्या स्टुलावर बसून डोळे पुसायला लागली. बोहाडा आठ दिवसांवर होता. "बाबांचं नाक कापलंत हो तुम्ही."

दुसऱ्या दिवशी मी मोखाड्याची एसटी धरली. एका हातात मुखवटा आणि दुसऱ्या हातात मशीनची भुशाची पिशवी. देवाच्या सोंगाचं लाकूड आहे, केरात टाकायचं नाही, अशी प्रतिभाची सक्त ताकीद होती.

सासऱ्यांसमोर माझ्या तोंडून कचेरीच निघाली. "सदर मुखवट्याचे नाक अनवधानाने..." एवढं म्हणून मी थांबलो. मामांनी मुखवटा उलटसुलट करून पाहिला. मला वाटलं, आता या घरात यापुढे माझ्या हाती पाण्याचा तांब्याही यायचा नाही.

"भुसा टाकला का?" त्यांनी विचारलं.

मी पिशवी पुढे केली. त्यांनी भुसा परातीत ओतला, डिंक घालून भाकरीच्या पिठासारखा मळला. (त्यात माझा पोळपाटही होता. मी बोललो नाही.) मग गोळा मुखवट्यावर बसवला आणि मला म्हणाले, "तोंड इकडं करा. हलू नका."

अर्धा तास मी हललो नाही. ते माझ्याकडे बघत आणि अंगठ्याने गोळा दाबत.

"जुना नाक माझ्या आजानं त्याच्या भावाचा बघून केला होता," ते म्हणाले. "सोंगाला घरातलाच नाक लागतो. आता तुमचा."

मी मान फिरवली. डिंकाच्या वासाने डोळ्यांत पाणी आलं असेल.

बोहाड्यात संबळ वाजला आणि त्राटिका नाचत आली. लाल तोंड, वटारलेले डोळे, आणि मधोमध माझं नाक, थोडं उताराकडे झुकलेलं. मी छाती काढून गर्दीत उभा होतो. शेजारी पाड्यावरची हौशी नावाची म्हातारी होती. तिने सोंगाकडे बोट केलं आणि म्हणाली, "आगं, हा तं देवरामाचा जावाय."

"नाही मावशी," मी मोठ्या नम्रतेने म्हणालो, "जावई मी. नाक तेवढं माझं आहे."

तिने मला नीट न्याहाळलं. मग त्राटिकेकडे पाहिलं, पुन्हा माझ्याकडे.

"व्हय," ती म्हणाली. "पन तिला शोभतं."